गोष्ट आजीची, नाव कुणाचं?

बोझेना न्येम्त्सोव्हा या चेक लेखिकेची ‘बाबिच्का’ ही कादंबरी १८५५ साली प्रागमध्ये प्रसिद्ध झाली. बाबिच्का म्हणजे आजी. शीर्षकाखाली एक उपशीर्षक होतं, त्याचा अर्थ ‘ग्रामीण जीवनाची चित्रं’ असा होतो. चेक भाषेत आजवर सर्वाधिक वेळा छापल्या गेलेल्या पुस्तकांत या कादंबरीची गणना होते. न्येम्त्सोव्हाचा चेहरा तिकडच्या पाचशे क्राउनच्या नोटेवर आहे. लोककथांच्या संग्राहक म्हणूनही तिचं नाव तेवढंच मोठं आहे. १८४५ ते १८४७ या काळात तिनं चेक लोककथांच्या पुस्तिका काढल्या आणि १८५७-५८ मध्ये स्लोव्हाक कथांचा संग्रह प्रसिद्ध केला. परीकथा आणि गावाची कादंबरी, दोन्ही एकाच बाईच्या हातून आल्या.

मराठीत असं का झालं नाही, हा प्रश्न मला बरीच वर्षं पडलेला आहे. आपल्याकडे लोककथा आहेत, त्यांचे संग्रह आहेत आणि ग्रामीण साहित्याचा तर मोठा प्रवाह आहे. पण ही दोन कपाटं वेगवेगळी आहेत. लोककथा एकतर बालवाङ्मयात जाते किंवा अभ्यासकांच्या टेबलावर. ग्रामीण कथा-कादंबरी हे प्रौढांचं, गंभीर साहित्य. आणि ज्या बायकांनी चुलीपुढे, जात्यावर, बाळंतिणीच्या खोलीत या गोष्टी सांगितल्या, त्यांची नावं दोन्ही कपाटांत क्वचितच सापडतात. हे कसं घडलं ते पाहायचं तर आधी थोडं बोहेमियाकडे वळायला हवं.

न्येम्त्सोव्हाच्या काळी चेक प्रदेश ऑस्ट्रियन साम्राज्यात होता. दरबार, कचेरी, वरच्या शाळा, मोठ्या शहरांतली प्रतिष्ठित घरं, सगळीकडे जर्मन. चेक भाषा टिकली ती मुख्यतः खेड्यांत. त्यामुळे भाषा पुन्हा उभी करायला निघालेल्या पिढीला खेड्यातल्या म्हातारीकडे जाणं भागच होतं. तिची गोष्ट टिपून घेणं हे बालरंजन नव्हतं, भाषेचा पुरावा गोळा करणं होतं. कारेल यारोमीर एर्बेन हा कवी आणि अभिलेखपाल याच कामात होता. न्येम्त्सोव्हाचा नवरा अबकारी खात्यात होता. देशभक्तीबद्दल त्याच्या वारंवार बदल्या होत आणि तिचं बिऱ्हाड गावोगाव हिंडे. त्या गावांतून तिनं गोष्टी वेचल्या. १८५३ मध्ये तिचा थोरला मुलगा हिनेक वारला. घरात पैसा नव्हता, पोलिसांची नजर होती. त्या दुःखात तिनं आपलं बालपण आठवत ‘बाबिच्का’ लिहायला घेतली. तिची खरी आजी, मागदालेना नोवोत्ना, त्यांच्या घरी काही वर्षंच राहिली होती. कादंबरीतली आजी तिच्याहून मोठी आणि शांत आहे. भाकर भाजणारी, सूत कातणारी, औषधी पाला ओळखणारी, सम्राटानं हातावर ठेवलेलं नाणं जपून ठेवणारी आणि गोष्टी सांगणारी.

न्येम्त्सोव्हाच्या स्लोव्हाक संग्रहातली एक गोष्ट जगभर पसरली आहे, बारा महिन्यांची. सावत्र आई मारुश्काला भर हिवाळ्यात रानात पाठवते. आधी जांभळी फुलं आण म्हणते, मग स्ट्रॉबेऱ्या, मग सफरचंदं. डोंगरमाथ्यावर मोठी आगटी पेटलेली असते आणि भोवती बारा महिने पुरुषरूपात बसलेले असतात. मारुश्का नमस्कार करून ऊब मागते. जानेवारी आपली काठी मार्चच्या हाती देतो आणि बर्फ वितळून फुलं येतात. पुढे जून आणि सप्टेंबरची पाळी. सावत्र बहीण होलेना मात्र उर्मटपणे बोलते आणि हिमवादळात नाहीशी होते. तिला शोधायला गेलेली आईही परतत नाही. शेवटी मारुश्काच्या वाट्याला काय येतं? राजवाडा नाही. एक झोपडी, एक गाय, शेताचा तुकडा, आणि पुढे त्यात वाटेकरी व्हायला आलेला एक भला शेतकरी. परीकथेच्या शेवटी सातबारा उताऱ्यावर चढेल असा ऐवज येतो. या गोष्टीत जादू आहे, पण हिशेब शेतकऱ्याच्या घरचा आहे.

आपली भोपळ्यातल्या म्हातारीची गोष्टही अशीच ऐकून पाहावी. मुलांना ती टुणूक टुणूक जाणाऱ्या भोपळ्यासाठी आवडते. पण गोष्ट सुरू कुठून होते? म्हातारी वाळून काटकी झालेली आहे. घरी तिला पोटभर खायला मिळत नाही. म्हणून ती लेकीच्या गावाला निघते. वाटेत वाघ भेटतो, तेव्हा ती त्याला म्हणते की लेकीकडे जाऊ दे, तूप-रोटी खाऊन जाडजूड होऊन येते, मग खा. म्हणजे वाघालाही पटतं की आज हिच्या अंगावर मांस नाही. एकट्या म्हातारीचं उपासमारीचं घर, लेकीच्या सासरी चार दिवस मिळणारं सुख, परतीची भीती आणि वेलीवरच्या भोपळ्यानं केलेली सुटका. ज्यानं खेडं पाहिलं आहे त्याला ही कादंबरीच वाटेल.

या गोष्टी छापील पुस्तकात आल्या त्या मात्र आपल्या गावातून थेट मराठीत आल्या नाहीत. १८६२ ते १८६७ या काळात सर बार्टल फ्रिअर मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते. १८६५-६६ च्या हिवाळ्यात ते पुणे, सातारा, कोल्हापूर आणि दक्षिण मराठा मुलखाच्या दौऱ्यावर निघाले. सोबत मुलगी मेरी होती आणि मेरीची आया ॲना लिबरेटा डिसूझा. तंबूतल्या लांबलचक दिवसांत मेरीनं ॲनाकडे गोष्टींचा हट्ट धरला. ॲना आपल्या आजीकडून ऐकलेल्या गोष्टी इंग्रजीत सांगे, मेरी त्या लिहून घेई आणि पुन्हा तिला वाचून दाखवी. १८६८ साली लंडनच्या जॉन मरे या प्रकाशकानं ते पुस्तक काढलं, ‘ओल्ड डेक्कन डेज’. त्यात २४ कथा आहेत. मुखपृष्ठावर संग्राहक म्हणून मेरीचं नाव आहे आणि प्रस्तावना तिच्या वडिलांची.

पण मेरीनं एक गोष्ट केली जी त्या काळच्या संग्राहकांपैकी फारच थोड्यांनी केली. कथा सांगणाऱ्या बाईची स्वतःची हकिगत तिनं पुस्तकात घातली, ॲनाच्या तोंडची म्हणून. तिचं घराणं मूळचं लिंगायत. गोव्याजवळ येऊन वसलेलं, तिथं ख्रिस्ती झालेलं. आजोबा इंग्रजांच्या पलटणीत हवालदार होते आणि १८१७ च्या खडकीच्या लढाईत लढले होते. आजी उंच, धिप्पाड, गोष्टींचं भांडार. मग ॲनाचं वैधव्य, मुलाच्या मृत्यूचं दुःख, मोठ्या वयात नोकरीसाठी शिकलेली इंग्रजी, आजीच्या काळची स्वस्ताई आणि आताची महागाई. मुलगा गमावलेली, कष्ट करून घर चालवणारी आणि आजीची आठवण सांगणारी बाई. न्येम्त्सोव्हानं मुलाच्या मृत्यूनंतर ‘बाबिच्का’ लिहायला घेतली, त्याला तेव्हा जेमतेम १३ वर्षं झाली होती.

मला ही काही पानं दख्खनच्या कष्टकरी स्त्रीच्या आत्मकथनाची सुरुवात वाटतात. पण ती इंग्रजीत आहेत, गव्हर्नरच्या मुलीच्या लेखणीतून उतरलेली आहेत, आणि आपल्या साहित्याच्या इतिहासात त्यांना जागा नाही. प्रागमध्ये नातीनं आजीला लिहिलं, आजीच्याच भाषेत. आपल्याकडे आजीची भाषा एक, नातीनं सांगितलेली भाषा दुसरी आणि लिहिणारी व्यक्ती तिसऱ्याच घरची. या तीन पायऱ्यांवर आजीचं नाव कुठंतरी गळून पडलं. लीला प्रसाद यांनी २०२० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात ॲनाला वसाहतकाळातली एक स्वतंत्र, बाणेदार कथक म्हणून उभं केलं, तेव्हा तिच्या गोष्टींना दीडशे वर्षं उलटून गेली होती.

मराठी लेखक तेव्हा खेड्याकडे पाहत नव्हते असं नाही. पण ते वेगळ्या वाटेनं गेले. सत्यशोधक चळवळीतले कृष्णराव भालेकर यांनी १८८८ मध्ये ‘बळीबा पाटील’ लिहिली. शेतकऱ्याची नागवण हा त्यांचा विषय होता. १९०३ मध्ये धनुर्धारींची ‘पिराजी पाटील’ आली. ह. ना. आपट्यांनी दुष्काळावर ‘काळ तर मोठा कठीण आला’ ही कथा लिहिली. या लेखकांना खेड्याचं दुःख लोकांपुढे मांडायचं होतं आणि त्यासाठी त्यांना कर्ज, सावकार, पाऊस आणि सरकार यांची भाषा हवी होती. सांजवेळची गोष्ट त्या कामाची नव्हती. जोतीराव फुल्यांच्या विचारांत वाढलेल्या माणसाला पुराणकथांचा संशयच येणार, आणि तो रास्तही होता. या संशयात पुराणातली कथा आणि म्हातारीची कथा यांतला फरक मात्र पुसला गेला.

पुढे १९४९ मध्ये व्यंकटेश माडगूळकरांची ‘माणदेशी माणसं’ आली आणि १९५५ मध्ये ‘बनगरवाडी’. ‘बनगरवाडी’ची सुरुवात मला नेहमी लोककथेसारखी वाटते. कोवळा तरुण पहाटे एकटाच माळावरून निघतो आणि अनोळखी वस्तीत पोचतो. तिथं एक म्हातारा कारभारी, एक चोर, एक सालस मेंढका भेटतो. शेवटी दुष्काळ पडतो आणि वस्ती उठून जाते. मारुश्काच्या गोष्टीत काठी एका हातातून दुसऱ्या हातात गेली की ऋतू बदलतो. बनगरवाडीत काठी बदलायला कुणी नाही. राम देशमुखांनी तिचं इंग्रजी भाषांतर १९५८ मध्ये केलं तेव्हा नाव ठेवलं ‘द व्हिलेज हॅड नो वॉल्स’. भिंती नसलेलं गाव. परीकथेची सगळी सामग्री या कादंबरीत आहे, फक्त गोष्ट सांगणारी म्हातारी नाही. सांगणारा आहे सरकारी शाळामास्तर.

‘बाबिच्का’शी खरं नातं लावायचं तर ते साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’शी लावावं लागेल. १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं आणि १९३५ मध्ये छापलेलं हे पुस्तक रात्री रात्री सांगितलेल्या आठवणींच्या रूपात आहे. कोकणातलं गाव, खालावत गेलेलं घर, सण, झाडंपेडं, सावकाराचा माणूस, सगळं त्यात आहे. चेक घरांत जशी ‘बाबिच्का’ तशी मराठी घरांत ‘श्यामची आई’. फरक असा की न्येम्त्सोव्हाची आजी गोष्ट सांगते आणि श्यामची आई शिकवण देते. ‘श्यामची आई’मध्ये सांगणारा मुलगा आहे, आई त्याच्या सांगण्याचा विषय. पुरुष लेखकांनी आपल्या आयांवर फार प्रेमानं लिहिलं. आनंद यादवांच्या ‘झोंबी’तली (१९८७) कागलची आई कोण विसरेल? पण आई कथा सांगणारी कलावंत आहे, तिच्याकडे रचना आहे, शब्द आहे, विनोद आहे, ही गोष्ट आपण ओळखायला वेळ लावला. बहिणाबाई चौधरींची गाणी पुस्तकरूपात आली ती १९५२ मध्ये, त्या गेल्यानंतर एका वर्षानं. त्याही आईच्या मुलालाच ती कवितांची वही जगापुढे आणावी लागली.

मी बंगळुरूच्या दक्षिण टोकाला, बोम्मसंद्र्यात राहते. गावाच्या नावातलं ‘संद्रा’ हे ‘समुद्र’ या शब्दाचं झिजलेलं रूप आहे. इकडे तलावाला समुद्र म्हणायची जुनी रीत आहे. नावातला तलाव आता कारखान्यांच्या, गोदामांच्या आणि भाड्याच्या खोल्यांच्या मध्ये सापडलेला आहे. ऑगस्ट २०२५ पासून मेट्रोची पिवळी लाइन इथवर आली. बीदर, कलबुर्गी, लातूर, अनंतपूर, कुठून कुठून आलेली माणसं इथं पाळी करतात. ग्रामीण कादंबरीत जे गाव ओस पडतं त्याची माणसं पुढे कुठं जातात, ते इथल्या खोल्यांतून दिसतं.

आमच्या इमारतीत भालकीकडच्या एक मावशी राहतात. वय साठीच्या आसपास. मराठी, कन्नड आणि दखनी या तिन्ही भाषा त्यांच्या एकाच वाक्यात सुखानं नांदतात. त्या नातवाला चिमणी-कावळ्याची गोष्ट मराठीत सांगतात आणि मालकांच्या मुलांना कन्नडात. मराठीत कावळा पुरुष असतो, चिऊताईच्या दाराशी भिजत उभा राहिलेला. कन्नडात तो ‘कागक्का’ होतो, म्हणजे कावळाताई, आणि चिमणी ‘गुब्बक्का’. कन्नडात तर थापेबाजीलाही ‘कागक्का-गुब्बक्काची गोष्ट’ म्हणतात. भाषा बदलली की दारातला याचक पुरुष जाऊन बाई येते आणि तोच प्रसंग दोन शेजारणींचा होऊन बसतो. मावशी आवाजही बदलतात. मराठीत चिमणीचा आवाज सावध असतो, कन्नडात टोमणेबाज. त्यांना हे कुणी शिकवलेलं नाही.

भाषेच्या सीमेवर गोष्टीचं काय होतं याचं याहून मोठं उदाहरण अभ्यासकांनी नोंदवलेलं आहे. इरावती कर्व्यांनी १९५० मध्ये एका इंग्रजी मानववंशशास्त्रीय नियतकालिकात एक मराठी लोककथा प्रसिद्ध केली. सहाव्या रात्री बाळाचं नशीब लिहिणाऱ्या सटवाईची स्वतःची मुलगी आईला विचारते, माझ्या कपाळी काय लिहिलंस? उत्तर येतं की तुझं लग्न तुझ्याच मुलाशी होईल. ती रानात जाऊन पुरुषाचं तोंड न पाहता राहते, तरी लिहिलेलं चुकत नाही. ए. के. रामानुजन यांनी अशीच कथा उत्तर कर्नाटकात कन्नडात ऐकली. तिथं शापित मुलीला आंबा खाऊन दिवस जातात. ती बाळाला लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून ओढ्यात सोडते. पुढे एका परक्या राजपुत्राशी लग्न होतं, मूल होतं आणि घराच्या रीतीप्रमाणे बापाचं जुनं बाळोतं नव्या बाळासाठी बाहेर काढलं जातं. तो तुकडा ती ओळखते. कन्नड कथेतली बाई बाळाला अंगाई गाते आणि गळफास घेते. मराठी कथेतली बाई मात्र जे लिहिलं होतं ते झालं म्हणून गप्प राहते आणि संसार करते. बाळोतं जपून ठेवणं ही गावातली साधी काटकसर, पण दोन्हीकडे सगळं त्याच कापडाच्या तुकड्यापाशी येऊन थांबतं.

‘बाबिच्का’मध्येही अशी एक बाई आहे. व्हिक्टोर्का, एका सैनिकामुळे वेडी झालेली मुलगी. ती आपलं बाळ नदीत टाकते आणि पुढे रोज रात्री बंधाऱ्यापाशी बसून अंगाई गाते. शेवटी वीज पडून मरते. ही कथा कादंबरीत रानाचा रखवालदार आजीला सांगतो. बोहेमियाची नदी आणि कर्नाटकातला ओढा यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण गावात ज्या गोष्टीचा उच्चार करता येत नाही ती दोन्हीकडे अंगाईत घालून सांगितली गेली. लोककथा ही मुलांची आणि ग्रामीण वास्तव मोठ्यांचं, ही आपली वाटणी इथं टिकत नाही. गावातल्या बायकांना जे सगळ्यांत कठीण वास्तव सांगायचं होतं ते त्यांनी परीकथेतच ठेवलं होतं.

दुर्गा भागवत आणि सरोजिनी बाबर यांनी हे ओळखलं आणि लोकसाहित्याला अभ्यासाची प्रतिष्ठा मिळवून दिली. पण नावांचा प्रश्न नेटानं धरून बसले ते पुण्यातले गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर. त्यांनी आणि गावोगावच्या कार्यकर्त्या स्त्रियांनी हजाराहून अधिक गावांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. प्रत्येक ओवीपुढे गाणारणीचं नाव आणि तिचं गाव लिहिलेलं आहे. आज तो संग्रह ‘पारी’च्या संकेतस्थळावर कुणालाही ऐकता येतो. एखाद्या ओवीखाली नाव वाचलं की ‘लोक’ हा शब्द एकदम बाजूला होतो आणि एक बाई समोर येते. ओव्यांसाठी हे झालं. आजीच्या गोष्टींसाठी अजून व्हायचं आहे, आणि दळण गिरणीवर गेल्यावर जातं जसं थांबलं तसं गोष्टीचं तोंडही थांबत चाललं आहे.

गेल्या पावसाळ्यात मी मावशींच्या गोष्टी फोनवर ध्वनिमुद्रित करायला लागले. पहिल्याच दिवशी वहीत त्यांचं नाव लिहू लागले तर त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, “माजं नाव कशाला लिवता ताई? गोष्ट माज्या आजीची हाय.” मी म्हटलं, मग आजींचं नाव सांगा. त्या विचारात पडल्या. आजीला सगळे म्हातारी म्हणत, घरात आई म्हणत, गावात कुणाकुणाची आई म्हणून ओळखत. नाव त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं.

मला तेव्हा ॲनाची आठवण झाली. तिनंही आपल्या गोष्टींचं श्रेय आजीलाच दिलं होतं. न्येम्त्सोव्हानं तर पुस्तकालाच आजी म्हटलं, आणि तिच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावरही ‘मागदालेना’ हे नाव नाही. सांगणारी प्रत्येक बाई नाव मागच्या पिढीकडे सरकवते आणि मागच्या पिढीकडे नाव उरलेलं नसतं. यात नम्रता आहे हे खरं. पण याच नम्रतेचा फायदा घेऊन आपण लोककथेला अनाम म्हणत आलो, हेही खरं.

मावशींनी त्याच संध्याकाळी भालकीला भावाला फोन लावला. त्याला माहीत नव्हतं. त्यानं थोरल्या चुलत्याला विचारलं. चुलत्यानं घरातला जुना जमिनीचा कागद शोधायला घेतला, कारण आजीच्या नावावर कधीकाळी शेताचा एक तुकडा होता. चार दिवसांनी नाव आलं. ते मावशींचं घरचं नाव आहे म्हणून इथं देत नाही, पण वहीत ते पहिल्या ओळीत आहे. त्याखाली गाव, तालुका, मग मावशींचं नाव, मग तारीख आणि मग गोष्ट. गोष्ट लिहून झाल्यावर मी त्यांना वाचून दाखवते. जिथं मी कावळ्याला उगाच शहाणपणाचं वाक्य दिलेलं असतं तिथं त्या थांबवतात आणि म्हणतात, आजी असं म्हणत नव्हती.